अर्धा पुसलेला फळा

झरीकर सरांनी फळा कधी पुरता पुसला नाही. उजवीकडून सुरुवात करायचे, मध्यावर येईपर्यंत त्यांना काहीतरी आठवायचं, डस्टर हातात तसंच राहायचं आणि ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागायचे. तेवढ्यात घंटा व्हायची. पुढचा तास माझा, विज्ञानाचा. मी दारात ताटकळलेली आणि फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे वाहताहेत. "बाई, एवढं पुसून घ्या बरं का," म्हणून ते निघायचे आणि अर्धवट राहिलेलं वाक्य वऱ्हांड्यात जाऊन पुरं करायचे, एकट्यानंच. नवी नोकरी, खडूनं पांढरी झालेली साडी आणि वर हा उपद्व्याप. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

मी पूर्णेची. वडील रेल्वेत गार्ड. लहानपण गाड्यांच्या वेळांवर गेलेलं, त्यामुळे माझं सगळं मिनिटावर. मानवतला शिक्षिका म्हणून आले तेव्हा हे गाव मला झोपेत चालल्यासारखं वाटलं. दिवाळी सरली की मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, सरकी काढणारी जिनिंग दिवसभर घुमत राहायची आणि हवेत कापसाचे तंतू तरंगायचे. ते वर्गात यायचे, उन्हाच्या तिरिपेत मिनिट मिनिट एकाच जागी थांबायचे, मग कुणाच्या वेणीवर, कुणाच्या वहीवर उतरायचे. पोरं पेंगायची. त्या उन्हात झरीकर सर भूगोल शिकवत उभे असायचे, टोपीच्या घडीत खडूचा तुकडा खोचलेला, खांद्यावर कापूस पडलेला आणि त्याचा त्यांना पत्ता नाही.

त्यांच्याकडे एक सायकल होती. तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ती हातात धरून, तिच्याशी बोलत असल्यासारखे ते शाळेत यायचे. एकदा मी विचारलं, "सर, बसत का नाही?" तर म्हणाले, "बसलं की लवकर पोचतंय, बाई. मंग इचार कवा करायचा?"

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास सरांनी हेडमास्तरांकडून मागून घेतला होता, दहावीच्या वर्गासाठी. वेळापत्रकात नाव होतं 'अवांतर वाचन'. पोरं त्याला 'शिळ्या पेपरचा तास' म्हणत. शाळेत दोन मराठी पेपर यायचे, दुपारच्या एसटीनं. सर स्वतःच्या खर्चानं हैदराबादचा एक उर्दू पेपरही मागवायचे, कारण सातवीपर्यंत त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. तिन्ही पेपर आले की ते न उघडता कपाटात टाकायचे आणि कुलूप लावायचे. आठ दिवस हात लावायचा नाही. स्टाफरूममध्येही कुणी बातमी काढली की कानांवर हात ठेवायचे. "मला सांगू नका. माझे अजून आठ दिवस व्हायचेत." आम्ही त्यांची टर उडवायचो. कुणीतरी म्हणायचं, सरांना स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा आठ दिवसांनी कळणार.

"ताजी बातमी गरम असती," ते पोरांना सांगायचे. "गरम खाल्लं तर तोंड भाजतंय, चव कळत न्हाई. जरा निवू द्या."

आणि मग फळ्यावर तीन रकाने. पाहिलं, ऐकलं, वाटलं. एकेका बातमीचं एकेक वाक्य सोडवून पोरांनी योग्य त्या रकान्यात घालायचं. 'मंत्र्यांनी पाहणी केली' हे कुणी पाहिलं का? 'असे समजते' म्हणजे कुणाला समजतं, कुणाकडून? बातमीदार तिथं उभा होता की घरी बसला होता? "चश्मदीद कोण हाय यात?" हा सरांचा पेटंट सवाल. चश्मदीद म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार, हे आमच्या शाळेतल्या शिपायालासुद्धा पाठ झालं होतं. केसाच्या तेलाची जाहिरात आली तर तिलाही सुट्टी नव्हती. "ह्या बाईचे केस तेल लावायच्या आधी किती होते, कुणी पाहिलं?"

पहिल्या वर्षी मला हा पोरखेळ वाटला. दुसऱ्या वर्षी मी शनिवारी तास नसला तरी थांबून शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागले.

त्या तासाचा जीव होती वच्छला. स्टेशनकडच्या रस्त्याला बौद्ध वस्ती होती, तिथली. वडील किसनराव मोंढ्यात हमाल, आई हंगामात कापूस वेचायला. वस्तीतून दहावीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. अक्षर असं की शाळेच्या दारातल्या फळ्यावरचा रोजचा सुविचार तिच्याकडेच असायचा. बोलायची कमी. पण एकदा पेपरात आलं, वालूरच्या बाजूला एका खेड्यात लिंबाच्या झाडातून दूध वाहतंय, हजारो भाविकांची रीघ लागलीय. वर्गातले निम्मे हात जोडायच्या बेतात. वच्छला उभी राहिली.

"सर, माझी मावशी त्याच गावची हाय. त्या गावात हजार माणूसच न्हाई."

सर इतके हसले की टोपीतला खडू पडला. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाले, "बाहेरगावचे आले असतील की. मावशीला इचारून ये. तवर हे वाक्य कुठल्याच रकान्यात घालू नका." पुढच्या शनिवारी ती विचारून आली. मावशी म्हणाली होती, पन्नासेक माणसं आली, त्यातली वीस बाटल्या घेऊन. सरांनी फळ्यावर 'पन्नासेक' लिहिलं आणि खाली वच्छलाच्या मावशीचं नाव घातलं, चश्मदीद म्हणून. त्या दिवशी वच्छलाचा चेहरा बघायला हवा होता.

हे आठ दिवसांचं व्रत कुठून आलं, ते मला एका संध्याकाळी कळलं. आम्ही बाजारातून चाललो होतो, मध्ये त्यांची सायकल. कुठल्याशा विषयावरून ते अचानक म्हणाले, "निजामाच्या शेवटच्या दिवसांत आमच्या गावात आवई उठली, बाई. धाड यायलीय म्हणून. बापानं इचारलं न्हाई कोण म्हणतंय, कुणी पाहिलंय. रातोरात गाव सोडलं. पावसाचे दिवस. चार दिवस ज्वारीच्या रानात भिजत बसलो. धाकटी बहीण होती, साडेतीन वर्षांची. तापली. तिथंच गेली." त्यांनी सायकल एका खड्ड्याला वळसा घालून पुढं घेतली. "आणि धाड आलीच न्हाई. आमच्या गावाला कुणीच आलं न्हाई. थांबलो असतो तर राहिली असती."

त्यानंतर मी त्यांना आठ दिवसांवरून कधी चिडवलं नाही.

मग तो हिवाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन वर्ष उलटलं होतं. ठराव झाला त्या पावसाळ्यात खेड्यापाड्यांतून वस्त्या जळाल्या होत्या, ते कुणी विसरलं नव्हतं आणि कुणी बोलतही नव्हतं. थंडीबरोबर नामांतराचं वारं पुन्हा उठलं. हेडमास्तरांनी आम्हाला सांगून ठेवलं, शाळेत तो शब्द नको. सरांनी बहुधा ऐकलंच नसेल, त्या वेळी ते खिडकीबाहेर बघत होते. किंवा ऐकून सोडून दिलं असेल.

त्या शनिवारी त्यांनी कपाटातून दोन शिळे पेपर काढले. एकात नामांतराच्या बाजूच्या मोर्चाची बातमी, दुसऱ्यात विरोधातल्या सभेची. दोन्ही एकाच दिवशीच्या, एकाच गावच्या. पण एका पेपरात फक्त मोर्चा झालेला, दुसऱ्यात फक्त सभा. "एका गावात एका दिवशी दोन गोष्टी झाल्या आन् दोघांना एकेकच दिसली, हे कसं?" असा तो पाठ होता. सरांनी वच्छलाला फळ्यावर बोलावलं. डाव्या अर्ध्यावर तिनं मोर्चातली घोषणा लिहिली, 'नामांतर झालेच पाहिजे'. उजव्या अर्ध्यावर सभेतली, 'नामांतर होऊ देणार नाही'. दोन्ही त्याच वळणदार अक्षरात. पोरं तासभर भांडली, छान भांडली. घंटा झाली. सरांनी डस्टर उचललं, उजवीकडून पुसत मध्यावर आले, आणि त्यांना काहीतरी आठवलं.

शनिवारी त्यांच्यानंतर कुणाचा तास नसे. तरी जाताना उरलेला फळा मी पुसून टाकत असे, सवयीनं. त्या दिवशी मला पूर्णेला जायचं होतं, मानवत रोड स्टेशनवरून गाडी होती. मी तासाला बसले नाही, जाताना डोकावलेही नाही; हे सगळं मला नंतर पोरांकडून कळलं.

रविवारी शाळेत एका लग्नाचा जानवसा होता. वऱ्हाड वर्गावर्गातून उतरलेलं. त्यात पेपरला बातम्या पाठवणारा गावातला एक गृहस्थ होता. अक्षर कुणाचं, हे सांगायला शाळेतलं कुठलंही पोर पुरेसं होतं. बुधवारच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. 'येथील एका शाळेत वर्गातील फळ्यावर नामांतराची घोषणा लिहिलेली आढळली. वस्तीतून येणाऱ्या दहावीतील एका विद्यार्थिनीने ती लिहिल्याचे खात्रीलायकरीत्या समजते. पालकांत संतापाची भावना आहे.' नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, वस्तीतली दहावीत एकच मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात किसनरावांना कुणी पोतं उचलायला बोलावलं नाही. संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी पाच-सहा जण नुसतेच उभे राहून गेले. शुक्रवारी वच्छला शाळेत नव्हती.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना अजूनही जड जातं. ती बातमी मी वाचली होती. सगळ्या स्टाफरूमनं वाचली होती. हेडमास्तर म्हणाले, "आपण नको त्यात पडायला. पोरगी आपणहून येईना झालीय." आणि झरीकर सरांना कुणीच काही सांगितलं नाही. त्यांनीच सांगू नका म्हटलेलं. मला वाटलं, त्यांच्या कानावर गेलं असेलच. मला वाटलं. म्हणजे तिसरा रकाना. दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसून मी काय शिकले होते, कोण जाणे.

मधला शनिवार गेला. हजेरीला सर म्हणाले, "वच्छला वेचणीला गेली वाटतं," आणि पुढं वाचलं. कापसाच्या दिवसांत अशा मुली आठ-दहा दिवस गळायच्याच. वर्गानंही माना वह्यांत घातल्या.

त्यापुढच्या शनिवारी त्यांनी तो बुधवारचा पेपर कपाटातून काढला. घडी मोडली नव्हती. मागच्या बाकावरच्या पांडुरंगाच्या हातात देऊन म्हणाले, "आतल्या पानावरची बारकी बातमी काढ एखादी. बारकीतच जास्त गंमत असती." पांडुरंगानं पान उलटलं आणि तो थांबला. इकडंतिकडं बघितलं. "वाच की," सर म्हणाले. त्यानं वाचलं. सर खाली बघत ऐकत होते, फळ्यावर तीन रकाने आखत. दुसऱ्या वाक्यालाही त्यांच्या लक्षात आलं नाही. हे कुठल्यातरी दुसऱ्या गावचं असावं, असा चेहरा.

"बरं. आता सांगा, चश्मदीद कोण हाय यात?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पांडुरंग म्हणाला, "आमी सगळेच, सर. आमच्या म्होरंच लिवलं तिनं. तुमीच सांगितलं व्हतं."

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग वळून त्या फळ्याकडे. त्यांच्या हातातला खडू 'पाहिलं'च्या खाली टेकला आणि तिथंच राहिला. सगळं खरं होतं. फळा होता, घोषणा होती, अक्षर तिचं होतं. मुद्द्याची दोन्ही वाक्यं पहिल्या रकान्यात बसत होती. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा आणि एकदाच भ्यालेलं पाहिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी तीन रकान्यांच्या पलीकडे एक उभी रेघ मारली आणि चौथ्या रकान्यावर लिहिलं, 'राहिलं'. त्याखाली, स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: 'उजवा अर्धा. तो मी पुसला.'

"फार्म कवा भरायचेत?" त्यांनी विचारलं. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म. बुधवारी शेवटचा दिवस होता. तो चुकला की वच्छलाचं वर्ष गेलं, आणि त्या दिवसांत अशा मुलीचं एक वर्ष गेलं म्हणजे शाळाच गेली, लग्न झालं, संपलं.

हेडमास्तरांनी हात वर केले. बापाची सही नाही, मुलगी गावात नाही, कुठं आहे ते बाप सांगत नाही. पेपरला खुलासा पाठवावा म्हटलं तर तो छापून कधी यायचा. सर वस्तीत गेले, किसनराव दाराबाहेर आले नाहीत.

सोमवारी बाजार होता. दुपारच्या सुट्टीत सरांनी वर्गातला उचलता फळा सायकलीला आडवा बांधला आणि नेहमीसारखी सायकल हातात धरून निघाले. मी मागं. "कुठं चाललात सर?" "मोंढ्यात. बातमी जिथं गेलीय तिथं."

तो दिवस मला अजून स्वप्नात येतो. मोंढाभर कापसाच्या गाड्या, वर पांढरे ढीग, बैल रवंथ करताहेत, ऊन आणि हवेत तंतू. सरांनी फळा एका गाडीच्या जुवाला टेकवला. डावीकडे एक घोषणा लिहिली, उजवीकडे दुसरी. माणसं जमली. त्यांतली काही त्या पाच-सहांतली असावीत. सरांचा आवाज वर्गातलाच होता.

"त्या दिवशी फळ्यावर हे दोन्ही होतं. मी सांगितलं म्हणून पोरीनं लिहिलं. मास्तर सांगल ते लिहिणं, एवढाच तिचा गुन्हा."

मग कापसाच्या ढिगावर बसलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मास्तर, म्हंजे ह्या बाजूचं बी तिनंच लिवलं व्हतं?"

"तिनंच. एकाच खडूनं."

"मंग पेपरवाल्यानं अर्धंच का छापलं?"

सरांनी टोपी काढली. "कारण मी अर्धंच ठेवलं होतं, बाबा."

म्हातारा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. त्याला वाचता येत होतं की नाही, कोण जाणे. "मंग पोरगीला कशाला तरास," तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही, आणि ढिगावरून उतरून बैलांना पाणी दाखवायला गेला. तो गेला तशी गर्दी हळूहळू विरली. एक-दोघं पुटपुटली, मास्तरला शाळेत ठेवलं नाही पाहिजे. पण पोरीचं नाव कुणी काढलं नाही. किसनराव पलीकडे पोत्यांच्या थप्पीशी उभे होते, हातात हमालाचा आकडा. ते आमच्याजवळ आले.

"पूर्णेला हाय, सर. मामाकडं."

पूर्णा तर माझंच गाव. मंगळवारी सर, किसनराव आणि मी, तिघं गेलो. मामा रेल्वेत गँगमन, माझ्या वडिलांच्या ओळखीचा निघाला. वच्छला अंगणात गोवऱ्या थापत होती. आम्हाला बघून उठली, हात पदराला पुसले, पण पुढं आली नाही.

"सर, तुमी वाचलं न्हाई का?"

"आठ दिवस उलटल्यावर वाचलं."

"मी रोज वाट बघितली," ती म्हणाली. "मला वाटलं, सर येतील आन् सांगतील."

सर खाली बसले, तिथंच, गोवऱ्यांच्या ओळीशेजारी. "चुकलं माझं, पोरी," म्हणाले. एवढंच. माणसानं विद्यार्थ्याची माफी कशी मागावी, ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि मलाही मागायची होती ती मी मागू शकले नाही. वच्छलानं गोवऱ्यांचे हात धुतले आणि फॉर्मवर सही केली. शेजारी किसनरावांनी अंगठा लावला.

ती परीक्षेला बसली, मामाकडे राहून. पास झाली. सरांची पुढच्या जूनमध्ये वालूरच्या शाखेत बदली झाली. कारण कागदावर वेगळं होतं. त्यांनी तक्रार केली नाही. जाताना कपाटाची किल्ली मला दिली आणि सांगितलं, "बाई, आता एकेक पेपर दोन-दोन मागवायलोय. एक आजचा आज वाचायला, कुणाचं घर पेटलंय का ते बघायला. दुसरा आठ दिवसांनी, का पेटलं ते बघायला."

पुढं मी पूर्णेच्या शाळेत आले. काही वर्षांनी तिथं मराठी शिकवायला एक नवी शिक्षिका आली, सुंदर अक्षराची. दारातला सुविचार ती स्वतः लिहायची. शनिवारचा शेवटचा तास तिनं मागून घेतला तेव्हा मी नुसती हसले.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. त्याच आठवड्यातल्या शनिवारी झरीकर सर गाडीनं आले. निवृत्त झाले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, काखेत न उघडलेला पेपर. "आता मला छापलेलं दिसत न्हाई, बाई," म्हणाले. "वच्छलाकडनं वाचून घेतो. आजचा आजच."

तिनं त्यांना वर्गात नेऊन पहिल्या बाकावर बसवलं आणि पोरांकडून ती बातमी वाचून घेतली, चारही रकाने आखून. सर मान तिरकी करून ऐकत होते. बाहेर कुठंतरी वस्तीत ढोल वाजत होते. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर. घंटा झाली, पोरं पळाली, वच्छलानं डस्टर उचललं तसे सर उठले.

"आण इकडं."

उजवीकडून सुरुवात केली. मध्यावर आले आणि थांबले. मला वाटलं, झालं, आता काहीतरी आठवणार. पण ते डाव्या हातानं फळ्याची चौकट चाचपत पुढं सरकले, पुसत पुसत, अगदी कडेपर्यंत. खडूची धूळ त्यांच्या टोपीवर बसली.

"राहिलं का गं काही?"

वरच्या कोपऱ्यात, त्यांचा हात पोचला नव्हता तिथं, अर्धी ओळ तशीच होती. वच्छलानं एकदा माझ्याकडे बघितलं.

"राहिलंय, सर," ती म्हणाली. "डावीकडं, वर." आणि त्यांचं मनगट धरून तिनं डस्टर तिथपर्यंत नेलं.